वाटणीतले काळे पत्रे

वाटनीला मला बोलावलं ते सहीपुरतं. पाथर्डीला हापिसात जाऊन हक्कसोडीवर सही करून आले, मामानं पेढा हातावर ठेवला आन म्हनला, "लंके, आता तू पाव्हनी. बस खाली, बघ, पन मधी बोलू नको." श्रीमंतमामा म्हंजी आईचा धाकटा भाऊ. गावोगावच्या वाटन्या करत फिरतो, त्याच्या शब्दाला चार मानसांत मान हाय. मला मधी तोंड घालायची खोड हाय हे त्याला चांगलं ठाऊक. माझं नावच लंका, ते कधी पेटंल सांगता येत न्हाई, असं माझे भाऊ लहानपनापासून चिडवत्यात. चिडवू द्या. त्यांनी जे केलं ते बघून दगड बी पेटला असता.

भाऊ दोन. थोरला गहिनीनाथ, धाकटा आदिनाथ. वडील वारले, वर्षश्राद्ध झालं, आन दुसऱ्याच आठवड्यात वाटनी काढली. जमीन हाय ती माळरानाची, तिचं कुनाला एवढं न्हाई. घरात जीव कशात हुता तर बिस्किटाच्या भट्टीत.

आमच्या गावात दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला जातं. जायच्या आधी घरटी डबाभर बिस्किटं भाजून नेत्यात. मैदा, साखर, डालडा ज्याचं त्यानं आनायचं, भट्टीवर मळून भाजून घ्यायचं. बायका दिवसभर रांगेत डबे मांडून बसत्यात आन आपल्या बिस्किटावर आपली निशानी करत्यात, कुनी काटेचमच्यानं, कुनी बोटानं, म्हंजी अदलाबदल व्हायला नको. तिकडं फडात आयाबाया पहाटेच तोडीला जात्यात. कोपीत, म्हंजी पाचटाच्या झोपडीत, मागं राहिलेल्या लेकरांना दिवसभर तेवढाच डबा. बिस्कीट बुडाला करपलेलं असलं तर कडू लागतं, लेकरू थुंकून टाकतं आन तसंच उपाशी बसतं. मी दर साली नवऱ्यासंगं जाते, माझी लेकरं त्याच डब्यावर वाढली. म्हनून आमच्या आईला, झुंबरबाईला, करपलेलं बिस्कीट खपायचं न्हाई. कुनाच्या घान्यात पाच-सात जरी काळी निघाली तरी ती आपल्या डब्यातली काढून द्यायची, आन वडलांशी भांडायची.

भट्टीला पत्रे दोन जातीचे. पत्रे म्हंजी ज्याच्यावर बिस्किटं मांडून आत सारत्यात ते. एक काळे, जुने. वडील आन आई दोघं नगरला गेल्ते ते घ्यायला. आईनं दुकानात पत्रा बोटानं वाजवून बघितला, मग फरशीवर ठिवून त्याच्या कोपऱ्यावर चप्पल काढून उभी राहिली. दुकानदार हसला. ही म्हनली, हसा, पन डुलला तर घेनार न्हाई. जाड पत्रा निवडला, लोहाराकडून कडा वळवून घेतल्या, कथलाचा डाग द्यायचा न्हाई म्हनली, डाग जाळात सुटतो. घरी आनून तेल लावून रिकामेच भट्टीत भाजले, पुन्हा तेल, पुन्हा भट्टी, असं काळेभोर होस्तवर. तवापासून त्यांना पानी दाखवलं न्हाई. गरम असतानाच फडक्यानं पुसायचं आन शेंगदान्याच्या तेलाचा हात फिरवायचा. आम्ही तिघं भावंडं मोठी झालो, लग्नं झाली, ते पत्रे ना वाकले ना गंजले.

दुसरे नवे. आदिनाथनं पुन्याहून आनलेले, स्टीलचे, चकचकीत, उचलायला हलके. दिसायला लई देखने. पन पातळ. भट्टीत गेले की टन्न वाजायचे आन मधी फुगायचे. पोटावरची बिस्किटं बुडाला काळी, कडंची कच्ची. एकदाच वापरले, वडलांनी माळ्यावर टाकून दिले. आदिनाथ मात्र म्हनायचा, पत्र्यांचा दोष न्हाई, त्या दिवशी जाळ जास्ती झाला हुता. त्यानं आनले हुते ना, मग त्यांचा दोष कसा असंल.

आता आईचं सांगते. गेल्या साली ती न्हानीत घसरली, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, तरी वॉकरबिगर तिला उठता येत न्हाई. रातीला कुनीतरी उठवावं लागतं. एका डोळ्यानं दिसत न्हाई. थोरल्या वहिनीनं तिची खाट भट्टीमागच्या मैद्याच्या खोलीत टाकली. का तर म्हनं घरात वास येतो. खोलीत उंदरं. भाकर दारातनं आत सरकवायची, पानी मागितलं की ऐकू आलं न्हाई म्हनायचं. मी माहेरी आले की ते बघायचे आन माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी नेली असती तिला. पन मी आठवड्यात ऊसतोडीला निघनार. पाचटाच्या कोपीत, चिखलात, मोडक्या खुब्याच्या बाईला कुठं ठेवू? तिला उठवायला दिवसभर तिथं कोन हाय?

म्हनून मला वाटत हुतं, आई आदिनाथकडं जावी. तो पाथर्डीत बेकरी टाकनार हुता, खोली बघून ठेवली हुती, भट्टी बी बांधून झाली हुती, दवाखाना जवळ. त्याची बायको निकिता निदान तोंडानं तरी गोड. आन आदिनाथ शेंडेफळ, आईचा जीव की प्रान. त्याला गोवर आला तवा आईनं आठवडाभर पाठ टेकली न्हाई. माझ्या गोवराला तिनं एवढं केल्याचं मला आठवत न्हाई, पन ते जाऊ द्या.

आमच्यात वाटनीची रीत अशी, थोरल्यानं वाटे पाडायचे आन धाकट्यानं आधी उचलायचं. म्हंजी थोरला लबाडी करत न्हाई. जमीन झाली, घर झालं, भट्टीची जागा गहिनीनाथला गेली आन रस्त्याकडचा तुकडा आदिनाथला. भांडीकुंडी झाली. सगळं नीट चाललं हुतं, मामा खूश हुता. शेवटी राहिले पत्रे आन राहिली आई.

मामा म्हनला, "आईला सहा म्हैने ह्यानं, सहा म्हैने त्यानं."

निकिता हळूच म्हनली, "मामा, पाथर्डीला एकच खोली आहे हो."

थोरली वहिनी सैपाकघरातनं बोलली, "आन मी आजवर केलं ते कुनाच्या हिशोबात धरलंय का?"

आई भिंतीला टेकून बसली हुती, वॉकर शेजारी. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. तिच्याकडं कुनी बघत न्हवतं. बैलाचा सौदा चालला तर मानूस बैलाच्या तोंडाकडं तरी बघतो.

मग गहिनीनाथ खाकरला. तो खाकरला की मी वळखते, काहीतरी शिजलंय. म्हनला, "मामा, म्हैने-बिहिने नको. दर वक्ताला तंटा व्हईल. मी सरळ वाटे पाडतो. काळे पत्रे ज्याचे, आई त्याची. त्या पत्र्यांची नस तिलाच ठाव हाय. नवे पत्रे जो उचलील त्याच्यावर आईचा भार न्हाई. रीतीपरमानं धाकट्यानं उचलावं."

मला त्याचा डाव तिथंच कळला. त्याला भट्टी मोडून विजेवरची मशीन घ्यायची हुती, तिचे पत्रे तिच्यासंगंच येत्यात. त्याला ना काळे पायजे हुते ना नवे. आदिनाथची मात्र नवी बेकरी, त्याला काळ्यांबिगर गत्यंतर न्हाई. तो काळे उचलनार आन आई आपसूक त्याच्या गळ्यात. साबनाच्या पुड्यावर चमचा फुकट देत्यात तशी त्यानं आमची आई पत्र्यांवर ठेवली.

"आई काय पत्र्याचं झाकन हाय का रं?" मी म्हनले.

मामानं डोळे वटारले. "लंके, तुला काय सांगितलं हुतं?"

खरं सांगायचं तर रागाच्या पोटात मला बरं बी वाटलं. म्हनलं, वाट वाकडी असू दे, आई एकदाची त्या उंदरांतनं सुटंल. आदिनाथ काळे उचलील, आई पाथर्डीला जाईल. मी मनातल्या मनात तिच्या लुगड्यांचं गाठोडं बी बांधलं.

निकितानं त्याच्याकडं बघितलं, त्यानं निकिताकडं. मग तो म्हनला, "मामा, एक घाना नव्या पत्र्यावर काढून बघू. जाळ बेताचा ठेवू. बिस्किटं करपली तर मी काळे उचलतो, न्हाई करपली तर नवे."

मला वाटलं आता मामा तरी ह्याच्या थोबाडीत देईल. मामानं मान हालवली आन म्हनला, बघा, रास्त हाय. वहिनीनं चहाला आधन ठेवलं. आई कुनाकडं जानार ते आता बिस्किटाच्या बुडावर ठरनार हुतं, आन त्यात कुनाला काय वावगं वाटलं न्हाई.

तवा आई पहिल्यांदा बोलली. "घाना मी काढते. लंका हाताखाली राहील."

मी तिला धरून भट्टीपाशी नेलं, खुर्चीवर बसवलं. बापय मानसं लिंबाखाली जाऊन बसली, आदिनाथ मोबाईलमधी बोट फिरवीत हुता. भट्टी सकाळीच पेटवलेली हुती. मी मैदा चाळला, आईनं परातीत साखर आन डालडा हातानं फेसला. तिचे हात थरथरत हुते, पन परातीत गेले की थांबायचे. नव्या पत्र्यावर बिस्किटं मांडून झाली. मी पत्रा आत सारनार तेवढ्यात ती हळूच म्हनली, "थांब. दुसरा नवा पत्रा घे आन ह्याच्याखाली घाल. एकात एक."

"कशाला?"

"दुहेरी झाला की बुडाला जाळ सोसवतो. आन भट्टीत आधी कौलाचे तुकडे मांड, त्याच्यावर पत्रा ठेव. तळाला चिकटू देऊ नको."

मी तिच्या कानाशी वाकले. म्हनले, "आई, येडी झालीस का? एकेरी घालते की. करपू दे. करपली तर आदिनाथ तुला नेतोय."

"मला ठाव हाय," ती म्हनली. "सांगते तेवढं कर."

मी कौलं मांडली, पन मांडता मांडता एक जाडजूड बाभळीचं लाकूड जाळात सारलं. म्हनलं, हिला एका डोळ्यानं काय दिसतंय. तिनं डोळ्यानं बघितलंच न्हाई. भट्टीच्या तोंडाशी हात धरला आन म्हनली, "लाकूड काढ, लंके."

"आई."

"काढ म्हनते ना."

मी काढलं. डोळ्यांत पानी आलं, ते धुरानं आलं असं समजा. मला वाटलं, हिच्या हाताला जन्मभराची सवय. कुनी हिच्या मानंवर सुरी ठेवली तरी ही घाना जाळायची न्हाई. त्या सवयीपायी ही सोताच्या पायावर धोंडा पाडून घेतीय, आन मला तो हातानं उचलून द्यायला लावतीय. मला तिचा राग आला. भावांचा आला त्याच्यापेक्षा बी जास्ती आला.

अर्ध्यात तिनं मला पत्रा फिरवायला लावला, आतली बाजू बाहेर. टन्न आवाज झाला न्हाई, दुहेरी असल्यामुळं पत्रा फुगला न्हाई. वास सुटला तसं आई म्हनली, "काढ आता. बाकीचं भाजनं बाहेर निवता निवता व्हतं."

मी खालचा पत्रा बाजूला काढून ठेवला आन वरचा लिंबाखाली नेला. खोटं कशाला बोलू, अशी बिस्किटं काळ्या पत्र्यावर बी कधी निघाली नसतील. वरनं पिवळसर, तळाला गव्हाच्या रंगाची, एक म्हनून काळं न्हाई. आदिनाथनं एक उचललं, उलटं केलं, मामाला बूड दाखवलं, गहिनीनाथला दाखवलं. निकितानं मोठा श्वास सोडला. तो मला चांगला ऐकू आला.

"म्हनलं न्हवतं का, जाळाचाच दोष हुता," आदिनाथ म्हनला. एक खाल्लं, दुसरं खाल्लं. चांगली झाली हुती ना, खानारच. "मामा, मी नवे उचलतो."

मामा म्हनला, "आन आई?"

"ठरलं तसंच की."

आई दारापर्यंत आली हुती वॉकर धरून. तिनं ऐकलं. आदिनाथनं तिच्याकडं बघितलं न्हाई, बिस्किटाचा भुगा शर्टावरनं झटकत राहिला. गहिनीनाथचं तोंड असं उतरलं की दुसरा दिवस असता तर मी खदाखदा हसले असते. त्याचा डाव त्याच्यावरच उलटला, आई त्याच्याच घरात राहिली. वहिनीनं चहाचं पातेलं दनकन खाली ठेवलं.

दुपारी टेम्पो आला. नवे पत्रे, त्याच्या वाटनीची भांडी, कपाट, सगळं चढलं. आईनं मला तो घाना डब्यात भरून त्याला द्यायला लावला. मी म्हनले, मी न्हाई देत. मग तिनं निकिताच्या हातात दिला. जाताना आदिनाथ आईच्या पाया पडला. तेवढं न चुकता केलं. म्हनला, "येत जाईन आई मधनं मधनं." आई म्हनली, "नीट जा. टेम्पो हळू चालवाया सांग."

मी आनखी दोन दिस राहिले. आईचं अंग पुसलं, केस धुतले, खोलीतली बिळं सिमेंटनं बुजवली. वहिनी माझ्याशी बोलत न्हवती, मी बी गेले न्हाई बोलायला. आई जेवायची कमी. खाटेवर बसून मैद्याच्या पोत्यांकडं बघत राहायची. मी काय विचारलं की म्हनायची, बरं हाय.

निघायच्या आदल्या दिवशी, ऊन उतरता उतरता माझा मोबाईल वाजला. नाव बघितलं तर आदिनाथ. म्हनलं, आला पाझर. रातभर झोप लागली नसंल त्याला, आईला न्यायला येतो म्हनायला फोन केला असंल. मी पळत खोलीत गेले. "आई, आदिनाथचा फोन." तिनं आधी पदर नीट केला. कपाळावरचे केस मागं सारले. फोनवर कोन बघतंय, तरी सारले. मी मोबाईल मोठ्या आवाजावर करून तिच्या हातात दिला.

"आई," तो म्हनला, "ह्या पत्र्यांवर बिस्किटं जळत्यात की गं. सकाळपासून तीन घाने काढले, सगळ्यांची बुडं काळी. गिऱ्हाईकं बोंब मारत्यात. त्या दिवशी तू काय केलं हुतंस?"

मी हात पुढं केला मोबाईल काढून घ्यायला. म्हनलं, आता मी सांगते ह्याला काय केलं हुतं ते. आईनं माझा हात बाजूला सारला आन त्याला सगळं सांगितलं. एकात एक पत्रा घाल. खाली कौल मांड. लाकूड बाभळीचं असलं तर निखारा होऊ दे, मगच पत्रा सार. अर्ध्यात फिरव. पिवळं दिसलं की काढ, लाल होस्तवर थांबू नको. लहान असताना त्याला अंक शिकवायची तशी, एक झालं की थांबायची, व्हय ना म्हनायची, मग दुसरं.

"कौल नसलं तर?"

"वीट चालंल. चपटी बघ."

"बरं. कळलं."

"आदिनाथा," आई म्हनली, "जेवलास का?"

पलीकडून काय आलं न्हाई. आईनं मोबाईल कानाला लावला, मग डोळ्यापुढं धरला, पुन्हा कानाला लावला. "ठेवला का त्यानं?"

"ठेवला."

तिनं मोबाईल पदरानं पुसला आन मला परत दिला. तिथं मात्र माझा तोल सुटला. बांध फुटल्यावानी मी बोलत सुटले. म्हनले, कुठल्या मातीची बाई हायस तू? त्यानं तुला बिस्किटाच्या बुडावर जोखलं, आन तू त्याला घाना भाजून दिलास. आन आज पुन्हा शिकवतीस. त्या दिवशी नुसता एकेरी पत्रा घातला असतास, लाकूड राहू दिलं असतंस, तर आज पाथर्डीला असतीस. दवाखाना हाय, उजेड हाय, तुझा लाडका हाय. उद्या मी जाते. सहा म्हैने तुला कोन उठवनार रातीचं? एवढी कसली गं तुझी हाताची सवय?

तिनं मला बोलू दिलं. माझा श्वास संपल्यावर म्हनली, "सवय न्हाई, लंके. करपवता येत हुतं मला. घाना करपवाया काय अक्कल लागती?"

"मग?"

"करपली असती तर त्यानं काळे पत्रे उचलले असते, आन त्याच्यासंगं मी गेले असते. जन्मभर मला कळलं नसतं, त्यानं पत्रे नेले का मला नेलं. म्हनलं, पत्र्याची नड न्हाई असं करू. आन बघू, नुसत्या आईला उचलतोय का."

बाहेर वहिनी कोंबड्यांना हाकत हुती.

"कळलं मग," मी म्हनले.

"व्हय, कळलं," आई म्हनली. "वॉकर दे इकडं, लघवीला जायचंय. उद्यापास्नं माझं मलाच उठावं लागंल."